टिकारामनं परत केलेले एकावन्न रुपये

टिकारामनं एकावन्न रुपये परत केले तेव्हा शामकला आत्याबाईंच्या तोंडात बडीशेप होती. ती त्यांना चावताही येईना आणि गिळताही येईना. नुसत्या डोळे वटारून बघत राहिल्या.

आम्ही चौदा-पंधरा जण होतो. माझ्या नणंदेची मुलगी दुर्गेश्वरी हिच्या लग्नाचा बस्ता घेऊन कापडाच्या दुकानातून हॉटेलात जेवायला आलो होतो. आमच्याकडे बस्त्याला, म्हणजे लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला, दोन्हीकडची माणसं जातात. चार-पाच तास शालू आणि सुटाची कापडं उलटीपालटी करायची, एकमेकांच्या पसंतीला तोंडावर छान आणि घरी गेल्यावर काय ते म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं. गोंदियाला बस्ता असला की आमचं जेवण मुन्नालालजींच्या हॉटेलात. बोर्डावर काहीतरी इंग्रजी नाव आहे, ते कोणी घेत नाही. आणि जेवण उरकलं की नवरीकडच्या सगळ्यात मोठ्या बाईनं वाढणाऱ्याच्या हातावर शकुन ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. माझ्या बस्त्याला अकरा रुपये ठेवले होते. बावीस वर्षं झाली त्याला. घेणारा टिकारामच होता. त्यानं ते कपाळाला लावून "पोरगी सुखात राहो जी" म्हटलं, तेव्हा माझी आई तिथेच, उष्ट्या ताटांसमोर, पदरानं डोळे पुसायला लागली होती.

आणि आज त्याच टिकारामनं हात पाठीमागे नेले.

"मले नाई चालत आता, आत्याबाई."

"काऊन नाई चालत?" बडीशेप कशीबशी गालात सारून आत्याबाई म्हणाल्या. "कमी झाले का रे?"

"कमी नाई जी. जास्तच होऊन राहिले."

नवरदेवाकडच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. दुर्गेश्वरीचा चेहरा तर कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. बस्त्याचा शकुन कोणी फिरवल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या मिस्टरांच्या आत्या, सालेकशाहून सकाळच्या गाडीनं आलेल्या, गुडघे दुखतात म्हणून दिवसभर दुकानातल्या गादीवर बसलेल्या. त्या आता अशा ताडकन उठल्या की खुर्ची मागे पडली.

"माह्या नातीचा शकुन परत करतोस? तिच्या संसारात काई कमीजास्त झालं न, तर तुह्या दारात येऊन बसीन मी, सांगून ठेवतो!"

"बसा जी," टिकाराम खाली बघत म्हणाला. "पण मले पैसे देऊ नका."

नवरदेवाचे काका दात कोरत बसले होते. त्यांना एवढ्या गोंधळात मजा वाटत होती. "अहो, बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "आता टिपेवर टॅक्स लागतो म्हणतात. मी तर पंधरा दिवसांपासून कुठंच देत नाही. आपल्यामुळं कोणा गरिबाला त्रास कशाला?"

यांनी आधी कधी टिप दिली असेल असं त्यांच्या बुटांकडे पाहूनही वाटत नव्हतं, पण व्याही पडले. शेवटी दुसरा वाढणारा, ओमेश नावाचा तरुण, पुढं आला. त्यानं आत्याबाईंच्या हातातून पैसे घेतले, कपाळाला लावले आणि "सुखी राहो, सुखी राहो, दोन वेळा सुखी राहो" म्हणून सगळ्यांना हसवलं. शकुन पार पडला. मला मात्र ते काही पटेना.

कारण टिकारामला मी ओळखते. तो रहांगडाले, कामठ्याचा. गावात दीड एकर धान, तेही भावाच्या वाट्यातलं. एकोणिसाव्या वर्षी मुन्नालालजींच्या वडिलांकडे भांडी घासायला लागला आणि आता पन्नाशीला टेकला तरी तिथेच आहे. सकाळच्या बसनं येतो, संध्याकाळच्या शेवटच्या बसनं जातो. ऑर्डर कधी लिहून घेत नाही. आठ जणांच्या टेबलावर कोणी पाटवडीचा रस्सा फिका मागितला, कोणाला कांदा चालत नाही, कोणाच्या पोळीला तूप लावायचं नाही, हे सगळं तो डोक्यात घेऊन आत जातो आणि ज्याचं त्याच्यासमोर आणून ठेवतो. घरात लहान मूल असेल तर आधी त्याच्या ताटात भात. "मोठ्याईले भूक सांगता येते," म्हणतो. एका हातावर चार ताटं पेलताना त्याचा उजवा खांदा खाली येतो, तो आता कायमचाच खाली आला आहे. फोटोत सुद्धा तसाच दिसतो.

टिपेला तो टिप म्हणत नाही. खुशी म्हणतो. "साहेबांनी खुशी देल्ली." कोणी दिली तर घेतो, नाही दिली तर पुढच्या वेळी तेवढ्याच प्रेमानं वाढतो. माझ्या मिस्टरांनी एकदा मुद्दाम दोन वेळा काही ठेवलं नाही, बघू म्हणाले. तिसऱ्या वेळीही यांच्या ताटात न मागता लिंबाची फोड आलीच. मग यांनाच लाज वाटली.

तर असा माणूस शकुन कसा परत करतो? हात धुण्याचं निमित्त करून मी आत गेले. तो बेसिनजवळ पाण्याचे ग्लास विसळत होता.

"टिकाराम, काय झालं?"

"तुमाले सांगनारच होतो वयनी. तुमच्या घरी येणार होतो. तुमच्याच हातचं लिहून हाय ते."

"माझ्या हातचं? काय?"

त्यानं ग्लास पालथे घातले, टॉवेलला हात पुसले आणि सांगितलं. ऐकता ऐकता माझ्या हातावरचं पाणी वाळून गेलं.

मुन्नालालजींचा मुलगा गुड्डू दिवसभर गल्ल्यावर मोबाइल बघत असतो. एका दुपारी गिऱ्हाइक नव्हतं तेव्हा त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, "सुनो सुनो, टिप पे टॅक्स माफ!" बातमी अमेरिकेची होती, तिकडच्या सरकारनं वाढप्यांच्या टिपांवरचा कर सोडला होता. पण गुड्डूनं अमेरिका हा शब्द गिळला, की त्यालाच तो दिसला नाही, कोण जाणे. ओमेशनं तर टाळ्या वाजवल्या. टिकाराम मात्र गल्ल्यापाशी गेला.

"माफ झाला म्हंजे आधी होता न वयनी? मी गुड्डूभाऊले इचारलं, टॅक्स कायवर लागते? तो म्हने, कमाई पे. मी म्हनलो, मंग आमची खुशी बी कमाईच हाय का? तर तो हसला. म्हने, काका, कमाई नहीं तो क्या भीख है?"

हे सांगताना त्याचा चेहरा कसा झाला ते मला शब्दांत सांगता यायचं नाही. एका बाजूनं त्याला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं जे लोकांच्या मर्जीचं समजत होता, ते त्याच्या मेहनतीचं निघालं. आणि त्याच क्षणी त्याला आचलचा फॉर्म आठवला होता.

आचल त्याची मुलगी. इथल्याच नर्सिंग कॉलेजात तिसऱ्या, शेवटच्या वर्षाला, राहायला होस्टेलात. पहिली दोन वर्षं तिची निम्मी फी शहरातल्या एका ट्रस्टनं भरली. वडिलांचं वर्षाचं उत्पन्न दीड लाखाच्या आत असलं पाहिजे, एवढी एक अट. आमच्या ओळखीत कोणाचाही फॉर्म भरायचा असला की माझ्याकडे येतात, बी. कॉम. झालेली, अक्षर बरं, आणि दुपारी घरी असते. आचलचे दोन्ही फॉर्म मीच भरले होते. मी विचारलं, पगार किती? टिकाराम म्हणाला, साडेअकरा हजार. मी बारानं गुणलं, एक लाख अडतीस हजार लिहिलं, त्यानं खाली सही केली. मग चहा प्यायलो.

"दीड लाखाच्या आत लिहून हाय," टिकाराम म्हणाला. "खुशी धरली तं आत राह्यत नाई. मंग मी खोटं लिहून देल्लं न? म्हनून बंद केलं. जे लिहून हाय, तेच खरं करून राहिलो."

माणसं फॉर्म बदलतात. हा आपलं आयुष्य फॉर्मप्रमाणे बदलायला निघाला होता.

घरी आले ती आधी कपाट उघडलं. माझ्याकडे सगळ्यांच्या फॉर्मच्या झेरॉक्स असतात. आचलचा काढला. मनात म्हणत होते, तिथं फक्त 'पगार' असं छापलेलं असू दे. छापलेलं होतं, 'सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न'. त्याच्यापुढं माझं अक्षर. सुबक, सरळ, एकही खाडाखोड नाही. मी पलंगावर बसले. आत्याबाई बाहेर शालूची घडी मोडून सगळ्यांना पदर दाखवत होत्या, मला हाका मारत होत्या, आणि मला उठवेना.

दुसऱ्या दिवशी मी टिकारामला फोन करून सांगितलं की ती बातमी आपल्याकडची नाही. आपल्याकडे टिप उत्पन्नात धरतात हे खरं, पण त्याच्याएवढ्या मिळकतीच्या माणसाला आयकर लागतच नाही. सरकारची त्यानं एक पै बुडवलेली नाही.

"सरकारचं झालं," तो म्हणाला. "ट्रस्टचं काय?"

मी फॉर्मची झेरॉक्स पुन्हा कपाटात ठेवली.

दरम्यान गोंदियात भलतंच सुरू झालं होतं. टिकाराम टिप घेत नाही ही गोष्ट बाजारभर झाली, आणि तिला पाय फुटले. कोणी म्हणे टिपेवर जीएसटी बसला. कोणी म्हणे टिप देणाऱ्याचा नंबर मोबाइलमधून थेट वर जातो. जे दहा रुपये ठेवायचे ते थांबले. जे कधीच ठेवत नव्हते ते अचानक कायदा पाळणारे झाले; बिल देताना वाढणाऱ्याकडे मान वर करून बघायला लागले. आमच्या शेजारच्या डॉक्टरीणबाई फोनवरून टिप पाठवायच्या, त्यांनीही बंद केलं, म्हणाल्या, "नको ग बाई, उद्या नोटीस आली तर?" नुसत्या भीतीनं इतक्या लोकांची सवय आठ-दहा दिवसांत मोडली. नवल वाटलं ते एवढ्यासाठी की मोडताना कोणालाही जड गेलं नाही.

ओमेशचं मात्र पेट्रोल बंद झालं. तो मला चौकात भेटला तेव्हा सायकलवर होता.

"काकू, टिकारामकाकाले समजवा न. त्याईच्या ईमानदारीनं माही मोटारसायकल उभी राहिली. मी काई ट्रस्टचा जावई नाही."

आणि त्याच संध्याकाळी आचल माझ्या दारात आली. कॉलेजचा पांढरा ड्रेस अंगावर, वेणी सुटलेली. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

"काकू, तुमाले ठाऊक होतं?"

"काय?"

"बाबा टिपा परत करून राहिले म्हणून. महिना होत आला. आईनं माझ्यापासून लपवलं. मी मेसचे पैसे मागितले तर आई म्हणे, थांब चार दिवस. ते चार दिवस संपूनच नाही राहिले. आज ओमेशदादानं सांगितलं."

मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म दाखवला. तिनं तो उभ्या उभ्या वाचला, आणि खाली पायरीवरच बसली.

"म्हणजे माझ्यासाठी?" ती म्हणाली. "माझे बूट, माझा स्टेथोस्कोप, मागच्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हाची औषधं, सगळं टिपेचंच होतं काकू. पगार तर किराण्यात जाते. यांना कोणी सांगितलं माझ्यासाठी हे करायला?"

रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग तिच्या बापावर, माझ्यावर की त्या दीड लाखाच्या आकड्यावर, हे तिलाही कळत नव्हतं.

"यंदाचा फॉर्म कधी भरायचा आहे?" मी विचारलं.

"तीस तारखेच्या आत. पण तो मी भरणार आहे. तुम्ही नाही."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

अठ्ठावीस तारखेला आम्ही तिघं ट्रस्टच्या कचेरीत गेलो. टिकारामनं अर्ध्या दिवसाची सुटी घेतली होती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. कचेरी म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, आणि टेबलामागे चंद्रकुमार गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. ट्रस्टचं सगळं लिखाण तेच बघतात. त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा वर-खाली केला.

"पोरी, इथं आकडा लिहिला नाहीस."

"बाबा सांगतील, मग लिहिते. सगळ्या मार्गांनी मिळणारं आहे न गुरुजी? त्यात टिपा आल्या."

"टिपा?"

"मी हॉटेलात वाढतो जी," टिकाराम उभाच होता. "लोकं खुशीनं देतात. मागच्या दोन वर्षांत ते लिहिलं नवतं. चूक झाली."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. ते आधी टिकारामकडे, मग आचलकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

"आकडा कमी करून घ्यायला लोक माझ्या पाया पडतात," ते म्हणाले. "कोणी शेत लपवतं, कोणी म्हशी. वाढवून लिहायला आलेला माणूस मी अजून पाहिला नव्हता. मागचे फॉर्म कोणी भरले?"

"मी," मी म्हटलं. "अक्षर माझं आहे. ह्यांनी पगार सांगितला, मी पुढचं विचारलंच नाही."

"तुम्ही? तुम्ही तर शिकलेल्या आहात हो."

मान खाली घालण्यापलीकडे काय करणार?

"बरं," गुरुजी म्हणाले, "महिन्याला किती मिळतात?"

टिकारामनं खिसा चाचपला. मग म्हणाला, "मोजले नाई जी कधी. शर्टाच्या खिशात पडते, घरी गेलो की घरवालीच्या, वच्छलाच्या हातात देतो."

"अंदाजे सांग. रोजचे?"

"कधी पन्नास. रविवारी दोनशे. लगनसराईत तीनशे बी." त्यानं बोटं मोडत, ओठ हलवत हिशोब केला, आणि मध्येच थांबला. पुन्हा केला. त्याचा चेहरा उतरत गेला. "दीडशे धरा जी. महिन्याचे सव्वीस दिस."

आचलनं कागदाच्या कोपऱ्यावर गुणाकार केला. वर्षाचे जवळपास सत्तेचाळीस हजार. ट्रस्टकडून तिला मिळत होते तीस.

गुरुजी पुढं झुकले. "अरे वेड्या, तीस हजार राखायला तू सत्तेचाळीस हजार सोडून राहिला होतास?"

"मले पैशाचं नवतं जी," टिकाराम म्हणाला. "सही माही होती."

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मग उठून दार लोटलं. आणि जे बोलले त्यानं मी पुन्हा हादरले. म्हणाले, "हे बघा, टिपा कोणी विचारत नाही. मीही विचारल्या नसत्या. मागच्यासारखंच एक अडतीस लिहा, सही करा. पोरगी शेवटच्या वर्षाला आहे. मी काही ऐकलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत."

मला खरं सांगायचं तर मोह झाला. मी आचलकडे पाहिलं. हो म्हण, असं मनात म्हटलंही.

"नाही गुरुजी," आचल म्हणाली. "एक अडतीस लिहिलं तर बाबा ते खरं करत बसतील. आणखी वर्षभर. यांना मी ओळखते."

आणि तिनं फॉर्म पुढं ओढून आकडा लिहिला. एक लाख पंच्याऐंशी हजार. वडिलांपुढं कागद सरकवला. टिकारामनं पूर्ण नाव लिहून सही केली, 'रहांगडाले'मधला 'ळ' की 'ल' अशी दर वेळी जी अडखळ व्हायची ती या वेळी झाली नाही. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "वयनी, चहा पाजता का? घसा सुकला." पहिल्यांदाच त्यानं कोणाकडे काही मागितल्याचं मी पाहिलं.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं टिप घ्यायला सुरुवात केली. पण घेणं सुरू करणं सोपं आणि देणं सुरू करणं अवघड, हे त्याला लवकरच कळलं. ज्यांना कारण सापडलं होतं त्यांनी ते सोडलं नाही. ओमेश टेबलाटेबलावर सांगत फिरला, "टॅक्स-बॅक्स काई नाई जी, ते अमेरिकेचं होतं," तर एक गिऱ्हाईक म्हणालं, "अच्छा? पण कशाला उगाच रिस्क?" निम्मे लोक परत आले असतील. डॉक्टरीणबाई आल्या. नवरदेवाचे काका आले नाहीत.

ट्रस्टचा कागद डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. आचल तो घेऊन आधी माझ्याकडे आली. मागच्या दोन वर्षांची रक्कम परत मागणार नाही, चूक अजाणता झालेली आहे, असं गुरुजींनी लिहिलं होतं. यंदाची मदत मात्र नियमात बसत नाही. खाली त्यांनी हातानं एक ओळ जोडली होती, की मला वाईट वाटते. आचलनं कागदाची घडी घातली. कॉलेज ते तीस हजार दोन हप्त्यांत घ्यायला तयार होतं, पहिला हप्ता डिसेंबरअखेर. पंधरा हजार.

"मी थोडे देते," मी म्हटलं.

"नको काकू. बाबा घेणार नाहीत. आणि मीही नाही." मग ती जरा नरमली. "तुम्ही रविवारी जेवायला या. बाबा काहीतरी बोलणार आहेत म्हणे मुन्नालालजींशी. मला येऊ देत नाहीत. कोणीतरी ऐकणारं असू द्या."

रविवारी मी आणि हे गेलो. गर्दी ओसरली तशी टिकारामनं खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीवर ठेवला आणि गल्ल्यासमोर जाऊन उभा राहिला. मुन्नालालजी नोटा लावत होते. गुड्डू शेजारी, मोबाइल बंद करून. त्यानंही काहीतरी ओळखलं असावं.

"शेठ, माहा पगार वाढवा. दोन हजार."

मुन्नालालजींच्या हातातली नोटांची चळत तशीच राहिली. एकतीस वर्षांत त्यानं पगाराचा विषय काढलेला नसणार, हे त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं. मग ते एकदम हसले आणि आमच्याकडे वळले.

"भाभीजी, आप ही सुनिए. दो साल पहले मैंने खुद इसको बोला था, टिकाराम, तेरा बढ़ाता हूँ. पता है इसने क्या कहा? बोला, नहीं सेठ, मत बढ़ाओ, दीड लाख के ऊपर चला जाऊँगा. पूरे बाजार में किसी नौकर ने मालिक को ऐसा बोला है?"

माझ्या मिस्टरांच्या हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर आपटला. मी टिकारामकडे बघत राहिले. दोन वर्षं. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. वच्छलाला तरी सांगितलं होतं की नाही देव जाणे. दोन वर्षांची वाढ त्यानं माझ्या सुबक अक्षराखाली दाबून ठेवली होती, आणि मी फॉर्म भरून दिल्याबद्दल त्याच्याकडून दर दिवाळीला घरच्या धानाचे पोहे घेत होते.

"बोललो होतो," टिकाराम म्हणाला. "आता ट्रस्टनं नाई म्हनलं. आता मले वर जाता येते."

"अरे, पर टिप भी तो फिर से लेने लगा न तू? टिप भी, तनखा भी?"

"दोनी जी."

"मंदी चल रही है, टिकाराम."

"आज दुपारी तीन बस्ते जेवले शेठ. मीच वाढलं."

स्वयंपाकघराच्या दारात ओमेश येऊन उभा राहिला होता. त्याच्यामागे पोळ्या लाटणाऱ्या दोन बाया. मुन्नालालजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, कपाळावरून हात फिरवला.

"चल, एक हजार अभी. एक हजार मार्च के बाद."

टिकारामनं मान खाली घातली. त्याचा तो खाली गेलेला खांदा अजूनच खाली गेल्यासारखा दिसला, आणि मला वाटलं आता हा हो म्हणेल, आयुष्यभर म्हणत आला तसा.

"फी डिसेंबरात हाय शेठ," तो म्हणाला. "मार्चात नाई. दोनी आत्ता, अन हप्त्याचे पंधरा हजार आधी. फेब्रुवारीपर्यंत कापून घ्या."

"पापा," गुड्डू हळूच म्हणाला, "दे दो."

"तू चुप बैठ! तेरे ही मोबाइल से शुरू हुआ है ये सब!" मुन्नालालजी गरजले. ओमेश फिसकन हसला. मुन्नालालजींनी चळत पुन्हा हातात घेतली, अंगठ्याला थुंकी लावली, आणि पहिली नोट मोजण्याआधी टिकारामकडे असं पाहिलं की जणू हा माणूस आजच कामाला लागला आहे.

"बैठ," ते म्हणाले. "खड़ा क्यों है? तेरे पंद्रह हजार गिनने में टाइम लगेगा."

टिकाराम बसला नाही. पण टॉवेलही उचलला नाही.